सड्यावर गॅसची सोल्डरिंग आयर्न: काकांच्या मांगरातल्या सोलर वायरिंगच्या नोंदी

३ नोव्हेंबर

देवगडजवळ काकांची हापूसची बाग आहे. वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, त्यावर मांगर, म्हणजे बागेतली शेड. मांगरावर ४० वॅटची दोन पॅनल, आत बारा व्होल्टची बॅटरी, चार दिवे आणि रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन. पाच-सहा वर्षांपूर्वी एकाने हे सगळं जोडून दिलं होतं. वायरी पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली, झालं काम. पावसाळा संपल्यावर दोन दिवे बंद, एक मिणमिणता, आणि झटका मशीन कधी चालू तर कधी गप्प.

आज टेपा सोडवल्या. आतलं तांबं पार कळकलेलं, बोटाने चोळलं तर हिरवी भुकटी पडते. खाऱ्या हवेत नुसता पीळ टिकत नाही. एकूण जॉइंट मोजले ते ३४. सगळे कापून नव्याने करायचे, सोल्डर (वितळवून भरायचा कथील-शिशाचा मिश्रधातू) मारून, वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) घालून.

अडचण एकच: तिथे वीज नाही. सर्वांत जवळचं घर सहाशे मीटरवर.

५ नोव्हेंबर

माझं कणकवलीत दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, सोल्डर वितळवायच्या आयर्न चार पडल्या आहेत, पण सगळ्या २३० व्होल्टच्या. सड्यासाठी काय, यावर दोन संध्याकाळी घालवल्या.

इन्व्हर्टर नेऊन काकांच्याच बॅटरीवर २५ वॅटची आयर्न चालवावी, हा पहिला विचार. पण जॉइंट करायचे म्हणजे तीच बॅटरी सोडवून ठेवायची, आणि छपरावर चढताना मागे वायर लोंबणार. दुसरा विचार टीएस१०० सारख्या डीसीवर चालणाऱ्या छोट्या आयर्नचा. ती २४ व्होल्टला ६५ वॅट देते, १२ व्होल्टला मात्र १७ वॅटच्या आसपास. मोबाइलच्या बोर्डाला ठीक, पॅनलच्या ४ स्क्वेअरच्या (४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या) जाड वायरीला नाही. २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या सड्यावर वाहायला मी काही तयार नव्हतो.

राहिली गॅसची. लायटरमध्ये असतो तोच ब्युटेन हिच्या मुठीत भरायचा. तो बिटामागच्या, म्हणजे तापणाऱ्या टोकामागच्या, प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टवर (गॅस जळता ठेवणाऱ्या जाळीवर) ज्योतीशिवाय जळतो आणि बिट तापतो. आयर्लंडची पोर्टासोल, वेलरची पायरोपेन ही यातली जुनी, नावाजलेली घराणी. किंमत पाहिली आणि ३४ जॉइंटांसाठी एवढे कशाला म्हणून ७८० रुपयांची बिननावाची मागवली. या कामातली पहिली चूक हीच.

११ नोव्हेंबर

पार्सल आलं. आयर्न रिकामीच येते, गॅसचा डबा आपण आणायचा. बाजारातून १२० रुपयांचा लायटर गॅस आणला, भरला, आणि भरतानाच व्हॉल्व्हपाशी हात गार पडला. साबणाचं पाणी लावून पाहिलं तर बारीक बुडबुडे. गॅस गळतोय. खटका दहादा दाबल्यावर एकदा ठिणगी.

गळणारी आयर्न दुरुस्त करायचा मोह मला झाला होता, धंदाच तो आहे. पण मुठीत गॅस आणि समोर आग अशा वस्तूवर मी प्रयोग करत नाही. बाहेर मोकळ्यावर नेऊन गॅस सोडून दिला आणि ती परत पाठवली. पैसे मिळाले, आठ दिवस गेले.

दुसरी निवडताना मात्र यादी करून बसलो. कॅटॅलिस्ट बिटासकट बदलता येतो का, आणि तो सुटा मिळतो का? टाकीला खिडकी आहे का, म्हणजे गॅस किती उरला ते दिसेल? गॅस चालू ठेवायचा खटका अडकून राहतो का, की सारखा अंगठ्याने दाबून धरायचा? टोपण घातलं की गॅस आपोआप बंद होतो का? आणि जळालेल्या वायूचं भोक कुठल्या बाजूला आहे? शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व मला तेव्हा पुरतं कळलेलं नव्हतं, फोटोत दिसलं म्हणून लिहून ठेवलं एवढंच. २,१५० रुपयांची घेतली.

१९ नोव्हेंबर

नवी आली. साबणाचं पाणी लावलं, गळती नाही. ठिणगी पहिल्याच खटक्याला.

पण पेटल्यावर फुरफुरायला लागली. ज्योत पिवळी, मध्येच विझते. आयर्नला शिव्या घालून झाल्या, मग डब्याचा संशय आला. स्वच्छ काचेच्या तुकड्यावर थोडा गॅस सोडला, अर्थात आसपास काही पेटतं नसताना. गॅस उडून गेला आणि काचेवर तेलकट ठिपका राहिला. हे तेल जेटच्या, म्हणजे गॅस बाहेर पडायच्या, सुईएवढ्या भोकात जाऊन बसतं. गॅसमध्ये गंधकाचा अंश जास्त असेल तर कॅटॅलिस्टही मरतो, म्हणून घरच्या सिलिंडरमधला गॅस भरायची शक्कल कुणी सुचवली तर ऐकू नका. त्यात वासासाठी मुद्दाम गंधकाचं संयुग घातलेलं असतं. शिवाय प्रोपेन असतो, त्याचा दाब ब्युटेनच्या तिप्पट-चौपट. ही टाकी त्यासाठी बनवलेलीच नाही.

२६० चा चांगला डबा आणला. काचेवर ठिपका नाही. जुना गॅस सोडून नवा दोनदा भरून काढला, तेव्हा कुठे फुरफुर थांबली.

२० नोव्हेंबर

दुकानातली चाचणी. भरायची रीत बसली ती अशी: आयर्न बंद आणि गार हवी. आधी व्हॉल्व्ह बारीक काडीने दाबून आतली हवा आणि उरलेला गॅस काढून टाकायचा, नाहीतर टाकी अर्धीच भरते. मग आयर्न उलटी, डबा तिच्यावर उलटा, सरळ रेषेत दाबायचा. तीन-चार सेकंद, दोन वेळा. गॅस बाहेर थुंकला की टाकी भरली. त्यानंतर पाच मिनिटं थांबायचं. भरलेला गॅस गार असतो आणि व्हॉल्व्हपाशी सांडलेला अजून उडायचा असतो. मी पहिल्यांदा थांबलो नाही, तर खटक्याबरोबर मुठीभोवती निळा भपका उठला. मनगटावरचे केस गेले, बाकी काही नाही.

पेटवल्यावर बिटामागच्या खिडकीत आधी ज्योत दिसते. दहा सेकंदांनी गॅस क्षणभर बंद करून पुन्हा चालू केला की ज्योत जाते आणि आतली जाळी लालबुंद राहते, बारीक सूं असा आवाज येतो. ज्योत तशीच ठेवून काम करत राहिलं तर बिट भलताच तापून काळा पडतो. खिडकीत डोकावून बघायची सवय लावून घ्यावी लागते.

६०/४० चं (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशांना मऊ व्हायला लागतं आणि १९० च्या आत पूर्ण वितळतं. माझ्या आयर्नला तिथवर जायला चाळीस सेकंद लागले. गॅस मधल्या खुणेवर ठेवून टाकी २८ मिनिटं चालली. खोक्यावर ६० लिहिलंय.

आता त्या भोकाची गोष्ट. कॅटॅलिस्टवर जळालेला गरम वायू बिटाच्या मागच्या बाजूने, आडवा बाहेर पडतो. तो दिसत नाही. मी एका वायरीला सोल्डर मारत होतो, नजर टोकावर, आणि शेजारच्या लाल वायरीचं प्लॅस्टिक शांतपणे ओघळून खाली आलं होतं. जॉइंट सुरेख, शेजारी उघडं तांबं. नंतर आयर्न विजेच्या आयर्नसारखी सवयीने टेबलावर टेकवली तर खालचा वर्तमानपत्राचा कागद तपकिरी होऊन धुमसायला लागला. भोकाच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे, मुठीवर. तो ठिपका आकाशाकडे ठेवायचा.

याच वाफेचा एक फायदाही आहे. श्रिंक स्लीव्ह आवळायला वेगळी हॉट एअर गन लागत नाही, भोकापासून दोन बोटं अंतरावर धरून फिरवली की झालं.

२२ नोव्हेंबर

सड्यावर पहिला दिवस. कणकवलीहून बाइकने दीड तास, वाटेत चहा, पोहोचेपर्यंत साडेअकरा. काका मांगराच्या दारात उभे.

“तुका सकाळी ये म्हटलंय. आता वारो सुटलो. दुपारी सड्यार काडी पेटणा नाय, तुझा ह्या काय पेटतला?”

मी म्हटलं, काका, ह्यात ज्योतच नसते, वाऱ्याने विझणार काय? शास्त्र शिकवायला गेलो आणि तोंडावर पडलो. खारे वारे समुद्रावरून सरळ सड्यावर येतात, अडवायला झाड नाही. ज्योत नसली तरी आतली जाळी गार पडते. लाल, मग मळकट लाल, मग काळी. तीन वेळा पेटवली, तीन वेळा विझली. जाळी टिकली तेव्हा बिट टिकला नाही. सोल्डर त्याला लागायचं ते चिखलासारखं, चमक नाही. सहा जॉइंट करायला घेतले, दोन झाले. टाकी दोनदा संपली.

वर आणखी एक शहाणपणा. आयर्न पत्र्यावर उन्हात ठेवून पाणी प्यायला उतरलो. परत येऊन पेटवली तर ज्योत वीतभर बाहेर. तापल्या पत्र्यावर टाकीतला दाब चढला होता. सावलीत, ओल्या फडक्यावर ठेवून गार करावी लागली.

त्या दोन जॉइंटांना वायर जुनीच होती, सोल्डर धरेना म्हणून पत्र्याच्या कामाची पेस्ट लावली. त्याबद्दल पुढे.

संध्याकाळी काकांनी पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याची एक बाजू कापून दिली. आत वायर आणि हात जातो, तीन बाजूंनी आडोसा. याला मी पैसे दिले असते.

२३ नोव्हेंबर

रात्री तिथेच राहिलो. सकाळी सहा वाजता सडा अगदी शांत, मतलई वारा पडलेला, खारा अजून सुटायचा. साडेसहा ते दहा ही कामाची वेळ, हे काल काका सांगत होते ते आज कळलं.

डब्याच्या आडोशाला १ स्क्वेअरच्या दिव्याच्या वायरी भराभर झाल्या. एका जॉइंटला वीस-पंचवीस सेकंद. मग पॅनलची ४ स्क्वेअरची वायर घेतली आणि गाडं अडलं. एवढं तांबं उष्णता ओढून घेतं आणि वायरीतून पुढे पाठवतं. दोन मिनिटं बिट टेकवून धरला, प्लॅस्टिक इंचभर आक्रसलं, वरून सोल्डर गोळा होऊन बसलं. ओढून पाहिलं तर आतली वायर गोळ्यातून सुळकन निघून आली, तार तशीच कोरडी. ड्राय जॉइंटचा याहून चांगला नमुना शिकाऊ पोराला दाखवायला मिळणार नाही. टाकून दिला नाही, दुकानात खिळ्याला अडकवलाय.

मोठा बिट लावूनही बघितला. थोडा फरक, पुरेसा नाही. जाड वायर ही या आयर्नची नव्हेच, हे मान्य करून टाकलं.

आणि आता जे लिहायला लाज वाटते ते. बॅटरीचे लग (वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे) बदलायचे म्हणून मी आयर्न पेटवून बॅटरीच्या पेटीत वाकलो. पॅनल जोडलेलं होतं, ऊन वर आलं होतं, बॅटरी चार्ज होत होती. चार्ज होताना लेड ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पेटीला झाकण, आत वारा नाही, आणि माझ्या हातात लाल जाळी. ॲसिडचा उग्र दर्प नाकात गेला म्हणून लक्षात आलं. आयर्न बाहेर लांब नेली, विझवली आणि थोडा वेळ पायरीवर बसून राहिलो. बॅटरी फुटली असती तर ॲसिड सरळ तोंडावर. दुकानात वीस वर्षं लोकांना हेच सांगतो.

काकांना काही बोललो नाही. त्यांनी मात्र मांगरातला पेंढा कालच बाहेर काढून ठेवला होता, आणि पाण्याची घागर आणि ओलं गोणपाट दाराशी. नोव्हेंबरात सड्यावरचं गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरे.

२८ नोव्हेंबर

चार दिवस दुकानाच्या कामात गेले, पण डोक्यात हेच. ३४ जॉइंट सड्यावर बसून करायचे, हा हट्टच कशाला? कागदावर पुन्हा मांडणी केली.

पॅनलच्या चार टोकांना एमसी४ कनेक्टर, म्हणजे सोलर वायरींचे तयार प्लग. ते दाबूनच बसवायचे असतात. बॅटरी आणि कंट्रोलरची (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या पेटीची) सहा टोकं तांब्याच्या लगने, क्रिंपिंग करून, म्हणजे घट्ट चेपून. त्यासाठी १,३५० रुपयांचा पक्कड घेतला. जाड वायरीला सोल्डरपेक्षा हे बरंच. सोल्डर तारांमधून आत चढतं, वायर तिथे काडीसारखी कडक होते आणि हलत राहिली की नेमकी त्या कडेला तुटते.

राहिले २४. त्यातले १५ असे निघाले की वायरीची लांबी आधी मोजली तर दुकानातच करता येतात. दिव्याच्या शेपट्या, फ्यूज, स्विच, झटका मशीनची जोडणी. ते आज विजेच्या आयर्नने तीन तासांत झाले, निवांत, पंख्याखाली. प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहिलं. सड्यावर उरले नऊ.

हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर? असो.

३० नोव्हेंबर

आदल्या रात्रीच येऊन राहिलो. पावणेसातला सुरुवात.

आधी बावीस तारखेचे ते दोन जॉइंट उघडले. आठ दिवसांत हिरवे. पत्र्याच्या पेस्टमध्ये झिंक क्लोराइड असतं, ते पुसून जात नाही, तांबं खातच राहतं आणि खाऱ्या हवेची त्याला साथ. दोन्ही कापले. इलेक्ट्रिकच्या कामाला राळेचा फ्लक्सच (सोल्डर धरावं म्हणून लावायचं द्रव्य), यात तडजोड नाही. आणि कळकलेली वायर घासून चकचकीत होईल ही आशाही सोडा. कापत मागे जा, तांबं लाल दिसेपर्यंत. एका ठिकाणी मला हातभर वायर फेकावी लागली. खारं पाणी प्लॅस्टिकच्या आतून, तारांच्या फटींतून तेवढं मागे गेलं होतं.

कामाचा क्रम ठरून गेला होता. स्लीव्ह आधी वायरीत ओवायची आणि लांब सरकवून ठेवायची, कारण जवळ राहिली तर वाफेने तिथेच आवळते. दोन टोकं एकमेकांत अडकवून लाइनमन करतात तसा पीळ, म्हणजे ओढ तांब्यावर येते, सोल्डरवर नाही. डबा वाऱ्याकडे पाठ करून. लाल ठिपका वर. बिट खालून टेकवायचा, सोल्डर वरून, आणि सोल्डर बिटाला न लावता तांब्याला. तांब्याने ते ओढून घेतलं की झालं. दिसायला ओल्या केसासारखं दिसतं, तारा न् तारा वेगळी पण चकचकीत. फुंकर मारायची नाही.

नवव्या जॉइंटला नऊ चाळीस झाले होते. टाकी एकदा भरली. माडाची झावळी हलायला लागली तेव्हा मी स्लीव्ह आवळत होतो.

पॅनल जोडलं, तीन दिवे लागले, चौथा नाही. पुन्हा घाम. आयर्न, सोल्डर, वायर सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर कळलं की दुकानात निवांत, पंख्याखाली केलेल्या शेपटीवर मी लाल-काळ्याच्या चिठ्ठ्या उलट चिकटवल्या होत्या.

खर्च, नवीन वायरी सोडून: आयर्न २,१५०, फसलेला गॅस १२०, चांगल्या गॅसचे दोन डबे ५२०, पक्कड १,३५०, लग आणि स्लीव्ह ४६०, सोल्डर ३५०, राळेचा फ्लक्स ९०. एकूण ५,०४०. दुसरा डबा अजून फोडलेला नाही. वेळ मोजायचा तर ३ तारखेपासून आजपर्यंत, त्यातलं सड्यावरचं खरं काम साडेसहा तासांचं.

१४ डिसेंबर

आंब्यांना कुठे कुठे मोहोर दिसायला लागलाय. काकांकडे जेवायला गेलो होतो, सोबत मीटर नेला. नऊही जॉइंट तपासले, दोन स्लीव्ह मुद्दाम कापून आत पाहिलं. चमक आहे, हिरवं काही नाही. कापलेल्या जागी नव्या स्लीव्ह आता घालता येईनात, त्यासाठी जॉइंट सोडवावा लागतो. हेही आधी सुचायला हवं होतं. तात्पुरती टेप गुंडाळली, तीच काळी, जिच्यावरून मी पहिल्या दिवशी नावं ठेवली होती.

आयर्नची जाळी मात्र पूर्वीसारखी चटकन लाल होत नाही, एका कडेला काळपट डाग आहे. तो पहिल्या तेलकट गॅसचा असावा. नवा बिट मागवलाय, ४२० रुपये. तो आला की ते दोन जॉइंट कापून पुन्हा करायचे. काकांनी विचारलं, कधी येतलंस? म्हटलं, आदल्या रात्री.